भुताची हद्द

नागपंचमीची कहाणी ही मुळात सूडकथा आहे. शेतकऱ्याच्या नांगराखाली नागिणीची पिल्लं मरतात. ती चिडते, रात्री घरात शिरून शेतकऱ्याला, त्याच्या बायकोला, पोरांना डसते आणि मग परगावी दिलेल्या लेकीकडे निघते. लेक पाटावर नाग काढून पूजेला बसलेली असते. दूध-लाह्यांचा नैवेद्य असतो. नागिणीचा राग उतरतो आणि माहेरची माणसं पुन्हा उठून बसतात. पण कहाणी या चमत्कारावर थांबत नाही, ती एका नेमावर थांबते. या दिवशी नांगर धरायचा नाही, विळीवर चिरायचं नाही, तवा चढवायचा नाही. दिंडं उकडायची आणि खायची.

१९७६ साली राजकुमार कोहली यांच्या 'नागिन'नं जणू या कहाणीचा पहिला अर्धा भाग उचलला. शिकारीला गेलेल्या मित्रांपैकी एकाच्या गोळीनं नाग मरतो आणि इच्छाधारी नागीण झालेली रीना रॉय त्या मित्रांना एकेक करून गाठते. चित्रपटात बिनीचे नट ओळीनं आहेत आणि ओळीनंच मरतात. कहाणीतली लेक मात्र कुठंच नाही, त्यामुळे नेमही नाही. पुढे १९८६ च्या 'नगीना'त अमरीश पुरींचा भैरोनाथ आला आणि नाथ म्हणजे नागिणीचा वैरी हे समीकरण घरोघर पोचलं. बत्तीस शिराळ्यात ही गोष्ट नेमकी उलटी सांगतात. मातीच्या नागाची पूजा करणाऱ्या एका गृहिणीला गोरक्षनाथांनी विचारलं, जिवंत नाग दिला तर पूजशील का? ती हो म्हणाली आणि तिथून जिवंत नागाची पूजा सुरू झाली, अशी तिथली आख्यायिका. सिनेमातला नाथ वैरी आहे, शिराळ्यातला नाथ मध्यस्थ आहे. आणि नाग भाऊ आहे. आदल्या दिवशी बायका उपास धरतात तो भावाचा.

हे सगळं आज आठवायचं कारण वेगळं आहे. आपल्याकडच्या भुताखेतांना एका कंपनीच्या छताखाली आणून त्यांचं 'युनिव्हर्स' उभारण्याचं काम सध्या जोरात चाललं आहे आणि त्यात आपला मुंज्याही भरती झाला आहे. या भरतीत भुताचं काय होतं, हा माझा प्रश्न आहे. माझ्या मते लोककथेतलं भूत म्हणजे एक थकलेलं देणं असतं. मुंज झाली पण सोडमुंज होण्याआधी पोरगा गेला, त्याचा मुंज्या होतो. बाळंतपणात बाई दगावली, तिची हडळ होते. कुणाचं तरी काहीतरी राहून गेलेलं असतं आणि ते जिथं राहिलं तिथंच भूत राहतं: त्या पिंपळावर, त्या विहिरीत, त्या शिवेवर. म्हणून भुताला हद्द असते. देणं फिटलं किंवा नेम ठरला की गोष्ट संपते. युनिव्हर्सला मात्र गोष्ट संपणं परवडत नाही.

हॉलिवुडच्या युनिव्हर्सल स्टुडिओचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. १९३१ मध्ये त्यांचे 'ड्रॅक्युला' आणि 'फ्रँकेन्स्टाइन' आले, १९३२ मध्ये 'द ममी', १९३३ मध्ये 'द इन्व्हिजिबल मॅन', १९४१ मध्ये 'द वुल्फ मॅन'. प्रत्येकाला स्वतःचं घर होतं आणि स्वतःचं दुःख होतं. ही मंडळी एकमेकांना भेटू लागली ती १९४३ पासून, 'फ्रँकेन्स्टाइन मीट्स द वुल्फ मॅन'मध्ये. नंतर दोघांऐवजी तिघं आले आणि १९४८ पर्यंत ॲबट आणि कॉस्टेलो या विनोदी जोडीबरोबर ती सगळी धावपळीच्या फार्समध्ये जाऊन पोचली. भीतीची बेरीज करत गेलं की उत्तर हसू येतं, हे त्या पाच वर्षांत दिसून आलं होतं.

तरीही २०१७ मध्ये त्याच स्टुडिओनं 'डार्क युनिव्हर्स' जाहीर केलं. आधी नाव, आधी बोधचिन्ह, आधी नटांचा एकत्र फोटो. टॉम क्रूझ, रसेल क्रो, जॉनी डेप, हावियर बार्डेम, सोफिया बुटेला. पहिला चित्रपट 'द ममी' आला, आणि त्यात ममीपेक्षा राक्षसांवर पाळत ठेवणाऱ्या एका संघटनेचीच ओळख जास्त होती. ते विश्व तिथंच आटोपलं. २०२० मध्ये ली व्हॅनेलनं सुमारे सत्तर लाख डॉलरमध्ये 'द इन्व्हिजिबल मॅन' एकटाच केला: एक बाई, तिला छळणारा नवरागत जोडीदार, आणि खोलीतली रिकामी वाटणारी खुर्ची. तो चालला. अदृश्य माणसाला कुणाची सोबत लागली नाही, कारण त्या बाईवर कुणी विश्वास ठेवत नव्हतं, एवढं दुःख त्या गोष्टीला पुरेसं होतं.

मॅडॉक फिल्म्सनं ही चूक सुरुवातीला केली नाही, हे मान्य करायला हवं. अमर कौशिक यांचा 'स्त्री' (२०१८) चंदेरीचा होता. आपल्याकडची हाकामारी जशी दारावरच्या खुणेनं परतवतात, तशीच तीही भिंतीवरच्या अक्षरांनी परतवली जाते. चित्रपटाच्या शेवटी त्या अक्षरांचा अर्थ बदलतो. 'उद्या ये' म्हणणारं गाव तिच्याकडे रक्षण मागू लागतं. हा शेवट कहाणीच्या जातीचा आहे. देणं ओळखलं, नेम बदलला. मग 'भेडिया' (२०२२) अरुणाचलच्या जंगलात गेला. आणि २०२४ मध्ये आदित्य सरपोतदार यांचा 'मुंज्या' कोकणात आला.

'मुंज्या'चा पूर्वार्ध या मालिकेतला सर्वांत सच्चा भाग वाटतो. गोट्याचं प्रेम, त्याची मुंज, झाडाखालचा अघोरी प्रकार, त्याचं मरण, हे सगळं एका घराचं गुपित आहे. पुण्यातला बिट्टू गावी जातो तेव्हा ते गुपित वारसाहक्कानं त्याच्या मानगुटीवर बसतं. सुहास जोशी यांच्या आजीला नातवापासून काय लपवायचं हे ठाऊक आहे, म्हणून त्या घराची भीती वाटते. झाड आहे तोवर मुंज्या आहे. पण शेवटाकडे श्रेयनामावलीत भेडिया डोकावतो आणि एका क्षणात मुंज्याचं झाड हरवतं. तोवर तो एका कोकणी घराचं न फिटलेलं देणं होता, आता तो पुढच्या चित्रपटाचा उमेदवार होतो. 'स्त्री २' मध्ये भेडियाच सरकट्याशी लढायला येतो, टाळ्या घेतो आणि जातो. त्याला चंदेरीचं काही देणं नाही.

याच सरपोतदारांच्या 'थामा'त (२०२५) तर वेताळाची पाळी आली. वेताळ हे आपल्याकडे फक्त भूत नाही. कोकणात आणि गोव्यात तो ग्रामदैवत आहे. रात्री गावाच्या शिवेवरून फिरतो म्हणून त्याला काही ठिकाणी चामड्याच्या वहाणा वाहतात. फिरून फिरून झिजतात, म्हणून पुन्हा नव्या. एवढा घरचा, एवढा कामाचा देव. पडद्यावर त्याला सुळे आले, रक्ताची तहान आली. युरोपातल्या व्हँपायरच्या मापानं शिवलेला अंगरखा वेताळाला घातला, आणि कुठं आखूड पडतो तिथं पुराणातल्या कथेचं ठिगळ लावलं. वहाणा मात्र गेल्या. शीव गेली, की त्यांची गरज उरत नाही.

यावर कुणी म्हणेल, भुतं पूर्वीपासून प्रवास करतात आणि एकत्रही येतात. खरं आहे. अमावास्येच्या रात्री वेताळाची पालखी निघते आणि सगळी भुतं मशाली घेऊन तिच्यात चालतात, ही समजूत कुठल्याही युनिव्हर्सपेक्षा जुनी आहे. पण ती पालखी शिवेवरून जाते आणि पहाटेआधी परतते. दुसऱ्या गावच्या पालखीशी युद्धाची तारीख ती जाहीर करत नाही. परदेशी असण्याचाही दोष नाही. महेश कोठारे यांच्या 'झपाटलेला'ची (१९९३) कल्पना 'चाइल्ड्स प्ले'वरून घेतलेली होती, तरी रामदास पाध्ये यांच्या बाहुल्यामुळे आणि दिलीप प्रभावळकरांच्या आवाजामुळे तात्या विंचू आपल्यात येऊन वस्तीला राहिला. उसनं आणलेलं भूतही रुळतं. त्याला नांदायला एक घर द्यावं लागतं, एवढंच.

मॅडॉकनं २०२५ च्या सुरुवातीला पुढच्या आठ चित्रपटांची यादी दिली. तिच्यात 'महामुंज्या' आहे, आणि शेवटी २०२८ साली आधी पहिलं आणि मग काही आठवड्यांनी दुसरं महायुद्ध आहे. एकेकाळी शिराळ्याच्या पंचमीत असंच काहीसं होऊ लागलं होतं, आणि ते विसरून गावाची बाजू घेणं अप्रामाणिक ठरेल. मूळ रीत अशी की नाग रानातून आणायचा, मडक्यात जपायचा, पूजायचा आणि जिथून आणला तिथं नेऊन सोडायचा. पण गर्दी वाढली तसा सर्वांत उंच फणा कुणाच्या नागाचा, सर्वांत लांब नाग कुणाचा, याला बक्षिसं लागू लागली. भावाचा मान राहिला आणि शेजारी स्पर्धाही उभी राहिली. नागांना होणाऱ्या इजेवर प्राणीमित्रांनी बोट ठेवलं, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा होताच, आणि उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर जिवंत नागांची पूजा थांबली. गावात त्याची हळहळ आहे आणि ती खोटी नाही. पण फण्याची उंची मोजायला लागलो, तेव्हाच कहाणीतली लेक पाटावरून उठून गेली होती, असं मला वाटतं. कायदा नंतर आला.

सिनेमातल्या भुतांची उंचीही आता अशीच मोजली जाते आहे: कुणाचा फणा किती कोटींचा. ही मोजदाद चित्रपट वाईट करते असं नाही, कारण 'स्त्री २' पाहताना मीही हसलो. ती भुताला बिनकामाचं करते. ज्या पोराचं, ज्या बाईचं काही राहून गेलं होतं, त्यांची आठवण ठेवायला गावानं भूत घडवलं. त्याला महायुद्धात शिपाई म्हणून उभं केलं, की मेलेल्या माणसाची गोष्ट विचारायला कुणी उरत नाही. आणि आपल्याकडे अशा मेलेल्यांची गोष्ट बऱ्याचदा दुसऱ्या कुठल्याही दप्तरात लिहिलेली नसते.

एकत्र गुंफलेल्या विश्वाचा दुसरा नमुना हवा असेल तर तो शिराळ्यातच आहे. समर्थ रामदासांनी स्थापलेल्या अकरा मारुतींपैकी एक तिथला. चाफळ, मसूर, उंब्रज, शहापूर, बहे-बोरगाव, मनपाडळे, पारगाव... देव एकच, पण बह्याचा कृष्णेच्या बेटावर बसतो, मसूरचा चुन्याचा आहे, पारगावचा हातभर उंचीचा आहे आणि शिराळ्याच्या मारुतीवर उगवता-मावळता सूर्य झरोक्यांतून उजेड टाकतो. अकराही पाहणारे लोक आहेत, आणि एकाच मारुतीपुढे आयुष्य काढणारेही. त्यातला एकही मारुती तुम्हाला सांगत नाही की खरी गोष्ट पुढच्या गावी आहे.