संगणक-व्यवहारातील निर्धास्तपणा आणि नियमपालन

संगणकावर चालणाऱ्या व्यवसायाच्या सुरक्षिततेचा विचार बहुधा नियमपालनाच्या अंगाने केला जातो. धोरणास संचालक मंडळाची मान्यता आहे काय, लेखापरीक्षण वेळेवर झाले काय, विवरणपत्र नियामकाकडे गेले काय, या प्रश्नांना होकारार्थी उत्तरे मिळाली की संस्था सुरक्षित मानली जाते. हा निष्कर्ष सदोष आहे. विवरणपत्र हे प्रणालीविषयीचे एक विधान होय. ते प्रणाली नव्हे. या दोहोंमधील सांधा कोणी तपासतो की नाही, यावर खरी सुरक्षितता अवलंबून असते. मुंबईच्या उपनगरांतील एक प्रकरण या दृष्टीने पुरेसे बोलके आहे.

घाटकोपर आणि मुलुंड यांच्या दरम्यान असलेल्या भांडुप येथे पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचे मुख्य कार्यालय होते. दि. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने तिच्यावर सहा महिन्यांसाठी निर्बंध घातले. आरंभी ठेवीदारास त्या मुदतीत एक हजार रुपयेच काढण्याची मुभा राहिली. पुढे दाखल झालेल्या फिर्यादीनुसार, एचडीआयएल या बांधकाम-समूहाशी संबंधित ४४ कर्जखाती झाकण्यासाठी २१,०४९ बनावट खाती दाखविण्यात आली होती. अभ्यासकाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब अशी की, ही खाती बँकेच्या कोअर बँकिंग प्रणालीत उघडलेलीच नव्हती. रिझर्व्ह बँकेस सादर होणाऱ्या कर्जांच्या यादीत तेवढी ती लिहिलेली होती. शिवाय मूळ कर्जखाती मोजक्याच कर्मचाऱ्यांना दिसावीत, अशी व्यवस्था प्रणालीत केली होती, असे त्या वेळी चौकशीच्या आधारे प्रसिद्ध झाले.

माहिती ज्याच्या कामाची त्यालाच दिसावी, हे तत्त्व सुरक्षिततेच्या प्रत्येक नियमावलीत आढळते. येथे तेच साधन प्रामाणिक कर्मचाऱ्यांची दृष्टी अडविण्यासाठी वापरले गेले. प्रवेशनियंत्रण आहे काय, एवढेच विचारणाऱ्या परीक्षकास याचा सुगावा लागणे शक्य नव्हते. ते कोणापासून काय लपविते, हा प्रश्न विचारावयास हवा होता.

यावर असा आक्षेप संभवतो की, हे प्रकरण फसवणुकीचे आहे, निर्धास्तपणाचे नव्हे. फसविणाऱ्याच्या बाजूने पाहता तो खरा आहे. तथापि प्रत्येक फसवणुकीस दुसरी बाजू असते. यादीवर विश्वास ठेवून मूळ प्रणालीशी ती ताडून न पाहणे, हा निर्धास्तपणाच होय. आणि जेथे आतील कोणाचीही लबाडी सिद्ध करावी लागत नाही, अशा प्रकरणातही हाच सांधा निखळलेला दिसतो. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये काढून घेण्यात आले. एटीएम-व्यवहारांस संमती देणारा स्विच एरवी खात्यातील शिल्लक मूळ प्रणालीस विचारतो. हल्लेखोरांनी उभारलेला बनावट स्विच न विचारताच संमती देत राहिला आणि २८ देशांत पैसे काढले गेले. मूळ प्रणालीस धक्का लागलेला नाही, असे बँकेने तेव्हा सांगितले. ते विधान दिलासा देणारे वाटते. वस्तुतः दोष कोठे होता हेच त्यातून कळते. किल्ला अभंग राहिला, कारण शत्रूला किल्ल्यात शिरण्याची गरजच पडली नाही.

नियामकास हे उमगलेच नव्हते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मूळ प्रणालीतून मानवी हस्तक्षेपाविना थेट विवरणपत्रे तयार व्हावीत, ही कल्पना रिझर्व्ह बँकेने वाणिज्य बँकांसाठी २०१० मध्येच मांडली होती. दि. १९ ऑक्टोबर २०१८ च्या परिपत्रकाने नागरी सहकारी बँकांना किमान सायबर-सुरक्षेची चौकट घालून दिली. डिसेंबर २०१९ मध्ये तिच्या चार पातळ्या ठरल्या आणि स्वतःचा एटीएम स्विच किंवा स्विफ्टची जोडणी असलेल्या बँकांवर अधिक जबाबदारी आली. म्हणजे धोका जोडणीत असतो, हे तत्त्वतः मान्य झाले. लहान बँकांच्या बाबतीत अशा सक्तीवाचून एवढीही पावले पडली नसती. नियमांचे मोल ते एवढे, आणि ते थोडे नाही.

परंतु नियम हा नेहमी पाहणारा कोणी आहे, असे गृहीत धरतो. एप्रिल २०२२ मधील सर्ट-इनच्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवावी लागते. ज्या संस्थेत कोणी पाहतच नाही, तेथे हे सहा तास कधी सुरूच होत नाहीत. आणि तिच्या कागदोपत्री उल्लंघनाची नोंदही राहत नाही. निष्काळजी संस्था निर्दोष दिसावी, ही या पद्धतीची सर्वांत मोठी उणीव होय.

यास्तव परीक्षणाचा भर बदलणे अगत्याचे आहे. विवरणपत्रातील कर्जांची बेरीज मूळ प्रणालीतून परीक्षकाने स्वतः काढलेल्या बेरजेशी जुळते काय. स्विचने संमत केलेली रक्कम आणि खात्यांतून वजा झालेली रक्कम त्याच दिवशी ताडून पाहिली जाते काय. कोणती खाती कोणास दिसत नाहीत आणि का: हे तीन प्रश्न साधे आहेत. त्यांना जाडजूड धोरणपुस्तिका लागत नाही, वहीखात्याच्या काळातील ताळमेळाची सवय तेवढी लागते.

भांडुपची ती बँक २५ जानेवारी २०२२ रोजी युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. विमासंरक्षणाच्या मर्यादेहून मोठ्या ठेवींच्या परतफेडीची मुदत त्या योजनेत दहा वर्षांपर्यंत लांबली. यादी आणि प्रणाली यांच्यातील अंतराची किंमत ज्यांनी मोजली, त्यांपैकी सामान्य ठेवीदारास ती यादीही कधी दिसली नव्हती आणि ती प्रणालीही.