यादी देणाऱ्याची साक्ष

कैद्यांच्या मुलांवरील एक प्रबंध नुकताच वाचला. त्यासाठी मुलांची नावे मिळवून देणाऱ्यांत मीही होतो. म्हणून ही टीका जितकी प्रबंधावर आहे, तितकीच माझ्यावरही आहे.

प्रश्नावलीतील पहिलाच प्रश्न असा : 'वडील तुरुंगात गेल्यावर तुझ्या वागण्यात कोणते दोष आले?' दोष आले, हे आधीच ठरलेले. मुलाने फक्त त्यांची नावे सांगायची. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा न्याय याहून वेगळा नव्हता. त्या कायद्यापुढे जन्म हाच पुरावा होता. १९५२ साली कायदा गेला, सोलापूरच्या सेटलमेंटचे तारांचे कुंपणही गेले. ज्ञानव्यवहारातले कुंपण मात्र अजून उभे आहे.

प्रबंधात तुरुंग आहे, पण जात नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ अखेर देशातील कैद्यांपैकी सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी होते. त्यांचा गुन्हा शाबीत झालेला नव्हता. तुरुंगातील दलितांचे प्रमाण लोकसंख्येतील प्रमाणापेक्षा अधिक आहे. तरीही आमचा संशोधक सरसकट 'गुन्हेगार पालक' असा शब्द वापरतो. त्याच अहवालात आईसोबत तुरुंगात राहणारी १,७६४ मुले मोजलेली आहेत. बाहेर उरलेल्या मुलांची मोजदाद तेथे नाही. तेव्हा संशोधनाची गरज नाही, असे कोण म्हणेल? प्रश्न संशोधन कोणत्या नात्याने करायचे, हा आहे.

'पालकांची संमती घेतली', एवढ्या एका वाक्यात प्रबंध नीतीचा प्रश्न मिटवतो. वैद्यकीय संशोधनासाठीच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत पालकांच्या संमतीखेरीज सात वर्षांपुढील मुलाचा तोंडी आणि बारा वर्षांपुढील मुलाचा लेखी होकार आवश्यक मानला आहे. समाजशास्त्राने याहून कमी का मागावे? आणि होकार मागितला तरी, मास्तर शेजारी उभे असताना कोणते मूल 'नाही' म्हणेल? ज्याने आपल्या घरात पोलिसाला कागद भरताना पाहिले, त्याला संशोधकाचा कागद वेगळा कसा वाटावा?

त्याची ही भीती अनाठायीही नाही. वकिलाला आहे तसे कायद्याचे संरक्षण संशोधकाला नाही. त्याची टिपणवही न्यायालय मागवू शकते. मुलाच्या तोंडून निघालेले एक वाक्य खटला चालू असलेल्या बापाच्या विरोधात जाऊ शकते. म्हणून गुन्ह्याविषयी मुलाला विचारूच नये. या प्रबंधात मात्र त्यावर सात प्रश्न आहेत.

आता माझी कबुली. वस्तीतल्या अभ्यासिकेत मी संध्याकाळी शिकवतो. तिथल्या एका मुलीचे नाव मी यादीत दिले. तिचा बाप कुठे आहे हे मला ठाऊक होते. तिला काय सांगितले आहे, हे मी तिच्या आईला विचारले नव्हते. बाप सुरतेला कामाला गेलाय, असे आईने तिला सांगितले होते. तो पहिला प्रश्न ऐकला तेव्हा तिला खरे कळले. त्यानंतर ती अभ्यासिकेत आली नाही. आई मला एवढेच म्हणाली, "सर, तुम्ही तर आपले होता." माझ्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. त्या पदवीने मला यादी करायला शिकवले होते.

लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ साली आले. पोलिसांचा जाच त्यात घरातल्या मुलाच्या नजरेतून दिसतो. पण काय सांगायचे, किती सांगायचे आणि कधी सांगायचे, हे तिथे सांगणाऱ्याने स्वतः ठरवले आहे. दलित आत्मकथनांना 'नुसती माहिती' म्हणून हिणवणाऱ्या समीक्षेला हा अधिकार कधी दिसला नाही. प्रबंधात मुलांची वाक्ये आहेत, पण ती 'उत्तरदाता क्र. १४' च्या नावे, आणि निष्कर्षाला सोयीची तेवढीच.

मुलाला न विचारता त्याच्या आयुष्याची यादी करणे ही हिंसा आहे. यादी मागायला पुन्हा कोणी आले, तर मी त्याला आधी त्या आईकडे नेईन, आणि तिने नाही म्हटले तर दारातूनच परत आणीन. प्रबंध थांबला तरी चालेल. ती मुलगी मात्र पुन्हा अभ्यासिकेत यायला हवी.