पॉलिनेशियन काष्ठशिल्प : स्वीकार आणि अपहार

कलेतील परप्रभावाची चर्चा करताना ‘शुद्ध परंपरा’ ही कल्पना गृहीत धरण्याचा प्रघात आहे. बाहेरचे काही आले की परंपरा भ्रष्ट झाली, हा निष्कर्ष मग ओघानेच येतो. पॉलिनेशियातील काष्ठशिल्पाचा इतिहास मात्र या गृहीतास दुजोरा देत नाही.

न्यूझीलंडमधील राहारुही रुकुपो या माओरी शिल्प्याने १८४० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ‘ते हाऊ की तुरांगा’ हे सभागृह उभारले. पाषाणी वाकसाच्या जोडीला तेव्हा युरोपीय व्यापाराबरोबर आलेली पोलादी पटाशी होती. हत्यार परके होते. परंतु त्यामुळे सर्पिलांची रेषा अधिक सूक्ष्म झाली आणि स्तंभांवरील आकृती पूर्वजांच्याच राहिल्या. येथे उसनवारीने परंपरेची अभिव्यक्तिक्षमता वाढविली, असेच म्हटले पाहिजे.

गोगँची गोष्ट निराळी आहे. १८९१ मध्ये तो ताहितीस पोहोचला, तेव्हा त्याला हवी असलेली मूर्तिकला मिशनऱ्यांच्या प्रभावाखाली तेथून बहुतांशी लोपली होती. ही उणीव त्याने अन्यत्र भरून काढली. मार्केसस बेटांवरील तिकी-आकृती, १८९५ मध्ये ऑकलंडच्या संग्रहालयात पाहिलेले माओरी कोरीवकाम आणि जावातील बोरोबुदूरची संग्रही असलेली छायाचित्रे ही त्याची साधने होत. त्याच्या ‘मोत्याची मूर्ती’ या काष्ठशिल्पात कोनाड्यात बसलेली आकृती तर सरळ बुद्धमूर्तीचे स्मरण करून देते. म्हणजे ज्याला ‘ताहितीय’ म्हटले गेले, त्यात भारतात उगम पावलेल्या शिल्पपरंपरेचाही दूरचा अंश आहे. या कृतींचे सामर्थ्य नाकारण्याचे कारण नाही. त्यांना ताहितीच्या कलेचा पुरावा मानणे मात्र चुकीचे होय. रुकुपोच्या आकृतींना नाव आहे, वंश आहे. गोगँच्या मूर्तीला केवळ गूढतेचे वलय आहे.

शुद्धतेचा आग्रह परंपरेच्या अभिमान्यांकडूनही धरला जातो. आपिराना नाटा यांच्या प्रेरणेने रोटोरुआ येथे निघालेल्या शिल्पशाळेने १९२७ पासून लोपत चाललेले कौशल्य वाचविले, हे तिचे ऋण मोठेच आहे. तथापि तिने पुरस्कारिलेल्या अभिजात आदर्शात १८८७ च्या ‘रोंगोपाई’ सभागृहातील मुक्त चित्रांकनासारख्या प्रयोगांना फारसे स्थान उरले नाही.

तेव्हा प्रभाव आला की नाही, हा प्रश्न गौण ठरतो. घेतलेली वस्तू कोणाच्या अर्थव्यवहारात रुजली आणि देणाऱ्याची संमती होती काय, हे खरे प्रश्न होत. १८६७ मध्ये सरकारने ‘ते हाऊ की तुरांगा’ उचलून वेलिंग्टनला नेले. त्याची मालकी रोंगोव्हाकाटा जमातीकडे परत येण्यास २०१२ चा कायदा व्हावा लागला. पटाशीचा स्वीकार आणि सभागृहाचा अपहार या दोहोंना ‘सांस्कृतिक देवघेव’ हे एकच नाव देणारी समीक्षा आपले पहिले कर्तव्यच, म्हणजे भेद करण्याचे, विसरते.