अल्पवयीन उद्योजकांचे वाङ्मय

अमेरिकन किशोरवाङ्मयात गेल्या पंधरा-वीस वर्षांत एक नवा नायक, किंबहुना त्याहून अधिक वेळा एक नवी नायिका, येऊन स्थिरावली आहे. वय बारा ते अठरा, हाती संगणक, डोक्यात एखाद्या अ‍ॅपची कल्पना आणि पुढ्यात त्या कल्पनेची परीक्षा घेणारी कसलीतरी स्पर्धा, असा तिचा सर्वसाधारण सरंजाम असतो. हे पात्र निव्वळ कल्पनेतून उपजलेले नाही. बातम्यांचा गोषवारा काढून देणारे ‘समली’ हे अ‍ॅप लंडनच्या निक डी’अलॉयझिओ याने २०१३ साली याहू कंपनीला विकले, तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. आणि त्याआधीच, २०१० साली, पीटर थील या भांडवलदाराने वीस वर्षांखालील मुलांनी महाविद्यालय सोडून उद्योग उभारावा म्हणून प्रत्येकी १ लाख डॉलरची शिष्यवृत्ती जाहीर केलेली होती. अशा काळात कादंबरीकार या विषयाकडे वळले यात नवल नाही. नवल याचे वाटते की, उद्योगाच्या या कथांत शोध आहे, प्रेम आहे, ईर्ष्या आहे, पण जमाखर्च मात्र जवळजवळ कोठेच नाही.

पूर्वी तसे नव्हते. एडवर्ड स्ट्रेटमायर याच्या लेखन-कारखान्यातून १९१० साली बाहेर पडू लागलेली टॉम स्विफ्टची मालिका (व्हिक्टर अ‍ॅपलटन हे तिच्या मुखपृष्ठावरील नाव म्हणजे अनेक भाडोत्री लेखकांनी मिळून पांघरलेली झूल) गद्य म्हणून अगदी सपाट आहे. तरीही पहिल्याच पुस्तकात टॉम आपल्या वडिलांच्या टर्बाइनचा नमुना मोटारसायकलवरून आल्बनीला वकिलांकडे न्यावयास निघतो आणि चोरटे त्याच्या मागावर असतात, त्या अर्थी शोध ही मालमत्ता आहे आणि मालमत्तेवर डोळा ठेवणारे असतातच, हे व्यावहारिक भान त्या बाळबोध कथेला होते. याच टॉमच्या विजेच्या बंदुकीवरून पुढे ‘टेसर’ या शस्त्राचे नाव पडले, हे जाता जाता सांगण्यासारखे.

परंतु या बाबतीत मला आजही सर्वांत सरस वाटते ते जीन मेरिल यांचे १९७२ सालचे ‘द टूथपेस्ट मिलियनेअर’ हे छोटेखानी पुस्तक, ज्यात संगणकाचा मागमूसही नाही. क्लीव्हलंडचा रुफस मेफ्लॉवर हा कृष्णवर्णीय शाळकरी मुलगा दुकानातील टूथपेस्टची किंमत पाहून थबकतो, खाण्याच्या सोड्यापासून घरीच ती घोटतो, आणि बाळांच्या खाण्याच्या रिकाम्या बरण्या धुऊन त्यांत भरून अत्यल्प नफ्यावर विकू लागतो. मालाचे नावही नुसते ‘टूथपेस्ट’. ही हकीकत सांगणारी त्याची मैत्रीण केट लिलावात नळ्यांचे ५० ग्रोस बोली लावून घेते, म्हणजे ७,२०० नळ्या तिच्या गळ्यात पडतात. कामाला हातभार लावणाऱ्या मुलांना रोख मजुरीऐवजी कंपनीचे भाग मिळतात. यंत्र चालवायला त्या धंद्यात मुरलेला कामगार गाठावा लागतो आणि कर्जासाठी बँकेची पायरी चढावी लागते. येथे कथा बेरीज-वजाबाकीवरच पुढे सरकते, आणि वाचक पान उलटतो तो किंमत काय ठरली हे कळावे म्हणून.

याच्या शेजारी संध्या मेनन यांची ‘व्हेन डिंपल मेट ऋषी’ (२०१७) ही गाजलेली कादंबरी ठेवून पाहावी. घरच्यांनी मनात योजलेले लग्न आणि मुलीची महत्त्वाकांक्षा यांचा झगडा लेखिकेने प्रसन्न हातोटीने रंगविला आहे. डिंपलच्या अ‍ॅपची प्रेरणा वडिलांच्या मधुमेहात आहे, हाही धागा सच्चा आहे. मात्र ते अ‍ॅप घडते कसे, ते चालवायचा खर्च कोण सोसणार, याविषयी वाचक अखेरपर्यंत अनभिज्ञच राहतो, आणि ती ज्या अ‍ॅप-शिबिराला जाते, तेथील हिंदी चित्रपटगीतावरच्या नाचाची हकीकत मात्र त्याला मनसोक्त वाचावयास मिळते. टॅमरा आयर्लंड स्टोन यांची ‘क्लिक्ड’ (२०१७) वयाने अधिक लहान वाचकांसाठी असूनही मला अधिक प्रौढ वाटते, कारण आपल्या अ‍ॅपमधील दोषाने मैत्रिणीची खासगी गोष्ट चव्हाट्यावर येऊ शकते हे उमगूनही तिची नायिका अ‍ॅली स्पर्धेच्या मोहाने तो दोष झाकीत राहते. कारागिराच्या सदसद्विवेकाचा प्रश्न येथे निदान उपस्थित तरी होतो. मेरी लू यांच्या ‘वॉरक्रॉस’मधील हिदेओ तानाका तेराव्या वर्षी जग जिंकणारे यंत्र शोधतो आणि पुढे त्याच यंत्राने माणसांच्या मनावर अंमल बसवू पाहतो, कल्पना भेदक आहे, पण एवढ्या अवाढव्य कंपनीत हिशेबनीस नावाचा प्राणी असतो, याची दखल कथेला नाही.

या नव्या पुस्तकांत मला खटकणारी दुसरी उणीव पालकाच्या सहीची. आपल्याकडे १८७२ च्या करार कायद्याच्या ११ व्या कलमान्वये अज्ञान व्यक्ती करार करण्यास अपात्र ठरते, आणि मोहरी बीबी विरुद्ध धर्मदास घोष या १९०३ च्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने अज्ञानाचा करार मुळातच रद्दबातल ठरविला. अमेरिकेत तो सामान्यतः अज्ञानाच्या मर्जीवर मोडता येतो. म्हणजे पंधरा वर्षांच्या उद्योजकाच्या प्रत्येक दस्तऐवजामागे कोणीतरी सज्ञान माणूस उभा असणारच. तो बाप असेल, मामा असेल, किंवा गोड बोलणारा गुंतवणूकदार असेल. यापेक्षा अधिक नाट्यपूर्ण सामग्री कादंबरीकाराला आणखी कोणती हवी?

श्रमाची बाजू एका लेखकाने मात्र निर्धाराने पाहिली. कोरी डॉक्टरो यांच्या ‘फॉर द विन’ (२०१०) या कादंबरीतील माला धारावीत राहते, संगणकाच्या खेळांत पोरांची फौज घेऊन लढते, आणि ज्या मालकासाठी आपण लढतो तो आपल्यासारख्याच मुलांच्या पोटावर पाय आणतो आहे, हे हळूहळू ओळखते. पुढे चीनपासून अमेरिकेपर्यंतची अशी मुले संघटना उभारतात. मधूनमधून लेखक कथा बाजूला सारून अर्थशास्त्राची व्याख्याने झोडतो आणि तेथे पुस्तक जड होते, हे खरे. पण खेळातल्या सोन्याचे खऱ्या पैशात रूपांतर होताना मधल्यामध्ये कोण किती खातो, हे सांगण्याचे धैर्य त्याने दाखविले आहे.

मराठी किशोरवाङ्मयाने भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेबरोबर पुष्कळ धावपळ केली, दुकान मात्र थाटले नाही. मुंबईत २०१८ साली एका शाळकरी मुलाने डबेवाल्यांना हाताशी धरून शहरातल्या शहरात पार्सले पोचविण्याचा धंदा काढला, ही गोष्ट वृत्तपत्रांत सर्वांनी वाचली आहे. तशा एखाद्या मुलावर जो मराठी लेखक कादंबरी लिहावयास बसेल, त्याला माझी एवढीच विनंती की, भाड्याच्या करारनाम्यावर सही कोणी केली आणि डबेवाल्याला फेरीमागे काय मिळते, हे त्याने पहिल्या दहा पानांतच सांगून टाकावे.