१०८ फुटांची जपमाळ

नाटकाचं परीक्षण होतं, सिनेमाचं होतं, दिवाळी अंकांचं तर अंक न वाचताही होतं. पण जिच्यासमोर घरातली बाई रोज तीन-चार तास उभी असते, त्या स्वयंपाकघराच्या भिंतीचं परीक्षण कोणी लिहीत नाही. त्या वेळी समीक्षक पानावर बसलेले असतात, हे कारण असावं. मी बी. कॉम. असून बँकेत कारकून आहे. सौंदर्यशास्त्राशी माझा संबंध नव्या नोटांच्या रंगापुरता. तरी हे काम अंगावर घेतो, कारण परीक्षणाला लागणारा मुख्य गुण माझ्यात आहे : दुसऱ्याच्या खर्चात खोट काढणे.

परीक्षणाचा विषय, आमच्या मावसभावाच्या चामटोलीच्या नव्या फ्लॅटमधलं स्वयंपाकघर. चामटोली बदलापूरच्या पुढे, वांगणीच्या बाजूला. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस हजाराहून जास्त प्रवाशांसकट अडकली, ती याच पट्ट्यात. त्यामुळे इथे घर घेतलं म्हटलं की लोक अभिनंदनाच्या आधी मजला विचारतात. भावाचा तिसरा आहे. वहिनीने उल्हासनगरच्या चाळीत सव्वीस वर्षं पाच फुटी कडप्प्याच्या ओट्यावर रांधलं. आता दहा फुटी ओटा मिळणार! "स्वयंपाकघर तुझं, तूच ठरव," असं भावाने सर्वांदेखत जाहीर केलं. मग भाऊ, चिरंजीव आणि इंटिरियरवाला मुलगा अशा तिघांनी बसून ठरवलं.

ठरलं ते असं. ओट्यावरची भिंत, दहा फूट लांब आणि दोन फूट उंच, चार इंची नक्षीदार टाइल्सनी भरायची. निळा, पिवळा, शेंदरी रंग. चांदण्या, पाकळ्या, जाळ्या. शेजारच्या टाइल्सचं एकमेकींशी पटू नये, अशी खास व्यवस्था. याला मोरोक्कन म्हणतात. मोबाइलवरच्या चित्रात प्रकार देखणा दिसत होता, हे मान्य. त्या चित्रात शेगडी पेटलेली नव्हती, हेही नोंदवतो.

नक्षीशी माझं वैर नाही. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात इंग्लंडहून आणलेल्या मिंटन टाइल्सची जमीन आहे. तिथे गेलो की मी कपाटांपेक्षा खालीच जास्त पाहतो. आपल्याकडेही अशी लादी व्हावी म्हणून स्वदेशीच्या काळात, १९२२ साली, फिरोजशा सिधवा यांनी मुंबईत भारत फ्लोअरिंग टाइल्स काढली. ही सिमेंटची लादी भट्टीत भाजत नाहीत. साच्यात धातूची जाळी ठेवून एकेका कप्प्यात रंगीत सिमेंटचा घोळ हाताने ओततात, जाळी उचलतात, वर जाड माल भरून यंत्राने दाबतात आणि पाण्यात मुरवतात. रंग काही मिलिमीटर खोल असतो, म्हणून तीन पिढ्यांचे पाय घासले तरी फूल जागच्या जागी. पण जुन्या लोकांनी ही नक्षी घातली कुठे, तर जिन्यात, गॅलरीत, दिवाणखान्यात. पायाखाली, डोळ्यांपासून पाच फुटांवर, पाहत पाहत पुढे जायच्या जागी.

वहिनीची भिंत नाकापासून दीड फुटावर, आणि पुढे जायची सोय नाही. एवढ्या जवळून चांदणी चांदणी राहत नाही, वटारलेला डोळा होते. अशा पाचशे नव्हे तरी दीडशेच्या वर डोळ्यांसमोर कांदा चिरायचा. हॉलमधल्या पाहुण्याला पंधरा मिनिटं बरं वाटावं म्हणून घरच्या बाईने जन्मभर पाहायचं, हा व्यवहार मला बुडीत वाटतो.

आता हिशेब. दोन फुटांत चार इंचीच्या सहा ओळी, दहा फुटांत तीस टाइल्स, एकूण १८०. उभे सांधे एकोणतीस, प्रत्येकी दोन फूट, म्हणजे ५८ फूट. आडवे पाच, प्रत्येकी दहा फूट, म्हणजे ५०. बेरीज १०८! जपमाळेचा आकडा. फरक इतकाच की माळ बसून ओढतात, आणि हे सांधे जुन्या टूथब्रशने उभ्याने घासायचे. टाइल गुळगुळीत असते, तिच्यावरचं तेल फडक्याने निघतं. फोडणी मुरते ती सांध्यातल्या सिमेंटमध्ये. त्याच भिंतीला दोन फूट बाय एक फुटाच्या टाइल्स आडव्या लावल्या तर सांधे भरतात १८ फूट. सहापट फरक. बँकेत सहापट चूक सापडली तर साहेब घरी पाठवतात.

"पण नक्षीत डाग दिसत नाहीत," हे चिरंजीवांचं म्हणणं. हे वाक्य मी नोकरीत फार ऐकलं आहे. थकबाकी दिसत नाही म्हणजे वसूल झाली असं नसतं. ती कुठल्या तरी खात्यात शांतपणे चिकट होत असते. डाग दिसला तर पुसला जातो. शिवाय ज्या नक्षीत डाग लपतो तिच्यात पालही लपते, आणि पाल दिसत नसली तरी आहे हे माहीत असणं फार वाईट.

सगळ्यांत मोठी खोट मात्र भिंतीत नव्हतीच. नक्षीवर तीन आठवडे चर्चा झाली. ओट्याची उंची तीन सेकंदांत ठरली : छत्तीस इंच. वहिनी चार फूट दहा इंच. ओटा कोपरापेक्षा चार-सहा इंच खाली असावा, म्हणजे खांदे चढत नाहीत. वहिनीचा छत्तीस इंची ओटा थेट कोपराला लागत होता. १९२६ साली फ्रँकफुर्टमध्ये मार्गारेटे श्युटे-लिहोट्स्की या वास्तुकार बाईंनी कामगारांच्या घरांसाठी स्वयंपाकघर आखलं. जागा जेमतेम १.९ बाय ३.४ मीटर. बाईंनी आधी पावलं आणि वेळ मोजला, बसून काम करायला स्टूल दिलं, मग रंगाकडे वळल्या. रंग निळा, कारण माश्या निळ्यावर बसत नाहीत असा तेव्हा समज होता. माश्यांना तो कळवला होता की नाही, कोण जाणे.

मी हा हिशेब वहिनीपुढे ठेवला. ती म्हणाली, "भावजी, माळेचं मला कळलं होतं. पण विचारलं कोणी?" मग तिने सांगितलं आणि या वेळी तिघांनी लिहून घेतलं. ओटा एकतीस इंच. भिंतीला मोठ्या, साध्या, पांढुरक्या टाइल्स. "आणि नक्षी मला हवी आहे. सव्वीस वर्षं काळा कडप्पा पाहिलाय. पण मला हवी तिथे." खिडकीखाली, ती विळी घेऊन बसते तिथे, आठ इंची सिमेंटच्या सोळा नक्षीदार लाद्या. लिंबू, आमसुलाचा थेंब पडला की लगेच पुसावा लागतो, कारण आंबट या लादीला खातं. ते ती पुसते. तिला तो दिसतो.

दुपारी चहाचा कप घेऊन वहिनी त्या सोळा फुलांशेजारी बसते. पाहुणे आले की भाऊ त्यांना आधी तिकडेच नेतो आणि सांगतो, "ही आयडिया आमची."