शब्द नेमका कुठे तोडावा?

दहावीच्या विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात प्राण्यांच्या वर्गीकरणात ‘असमपृष्ठरज्जू’ हा शब्द येतो. जिंतूर किंवा सेलूच्या एखाद्या शाळेत विद्यार्थ्याने तो ‘असम-पृष्ठरज्जू’ असा वाचला, तर चूक त्याची म्हणता येणार नाही. असम म्हणजे सारखे नसलेले, एवढे त्याला ठाऊक असते. पण मग अर्थ होतो ‘ज्यांचा पृष्ठरज्जू ओबडधोबड ते’! खरी फोड ‘अ-समपृष्ठरज्जू’ अशी आहे; गांडूळ, झुरळ, गोगलगाय यांसारखे पृष्ठरज्जू मुळीच नसलेले प्राणी.

परिभाषेच्या नावाने बोटे मोडण्याची आपल्याकडे रीतच आहे. आम्हाला ती पटत नाही. लांब शब्द जर्मन मुलेही वाचतात. जर्मनीतील एका राज्याने १९९९ साली गोमांसाच्या लेबलांवरील देखरेखीसंबंधी केलेल्या कायद्याचे नाव ६३ अक्षरांचा एकच शब्द होता (तो कायदा २०१३ मध्ये रद्द झाला). पण ओळीच्या शेवटी असा शब्द तोडण्याचा जर्मन नियम स्पष्ट आहे : आधी घटकशब्दांच्या सांध्यावर, आणि मग घटकाच्या आत उच्चाराप्रमाणे. ‘श्टाउ-बेकन’ म्हणजे जलाशय, आपल्या येलदरीसारखा. तीच अक्षरे ‘श्टाउब-एकन’ अशी तोडली की होतात धुळीचे कोपरे!

मराठीत उच्चार आणि सांधा यांची फारकत अधिकच होते. ‘नत्रस्थिरीकरण’ म्हणून पाहा. जीभ ‘नत्-रस्-थि-री-क-रण’ असे तुकडे पाडते. म्हणजे ‘स्’ मागच्या तुकड्यात जातो. सोयाबीन-तुरीच्या मुळांवरील गाठी रोज पाहणाऱ्या मुलालाही त्यातून ‘नत्र’ आणि ‘स्थिर’ सापडत नाहीत. शब्द अवघड नाही, सांधा झाकलेला आहे.

पुस्तकाविषयी आमची तक्रार एवढीच. संज्ञा प्रथम येते तेथे ती एकदा तरी संयोगचिन्हाने फोडून छापावी. पुढे सलग चालेल. मात्र ‘अ-सम-पृष्ठ-रज्जू’ असे सरसकट तुकडे नकोत. त्यात पहिला घाव कुठला हे कळत नाही, आणि अर्थ तर त्यावरच अवलंबून आहे. नव्या आवृत्तीपर्यंत हे काम फळ्यावर होऊ शकते : मुलांकडूनच पहिला घाव घालून घ्यावा आणि दोन्ही फोडींचे अर्थ शेजारी शेजारी लिहावेत. ‘अपृष्ठवंशीय’पासून सुरुवात केल्यास बरे, त्यातला ‘वंश’ म्हणजे कूळ नव्हे, हेही त्याच तासाला सांगून होईल.