भूत मारायचं की त्याचं गाऱ्हाणं ऐकायचं?

आजचा विषय आहे 'द विचर ३' हा व्हिडिओ गेम. वॉर्साच्या सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीने तो २०१५ साली काढला. पोलिश लेखक आंद्जेय सापकोव्स्की यांच्या कथांमधला गेराल्ट हा त्याचा नायक, आणि पैसे घेऊन भुतं-राक्षस मारणं हा त्याचा धंदा. गेमच्या चित्रांचं, संगीताचं कौतुक भरपूर झालंय. मी बोलणार आहे ते त्यातल्या भुतांबद्दल. लालबाग-परळच्या चाळींत कोकणातल्या भुतांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला ती भुतं परकी वाटत नाहीत.

सुरुवातीलाच एक काम मिळतं. ओसाड वाडी, जुनी विहीर आणि तिथे फिरणारं एका बाईचं भूत. पोलिश लोककथेत हिला 'पोवुद्नित्सा' म्हणतात, म्हणजे भर दुपारची बाई. लग्न तोंडावर आलेलं असताना जीव गेलेल्या मुलींची ही भुतं. आता आपला मुंजा आठवा: मुंज झाली, सोडमुंज व्हायच्या आत पोर गेलं, ते पिंपळावर बसलं. आणि भर बाराला विहिरीवर जाऊ नकोस, हे तर आपल्याकडच्या आज्या बजावतच आल्या आहेत. दोन्हीकडे भूत म्हणजे अर्धवट राहिलेलं आयुष्य.

पण गंमत पुढे आहे. या बाईला नुसत्या तलवारीने संपवता येत नाही. आधी ती कोण होती ते शोधायचं. विहिरीत उतरायचं, तिची हाडं आणि कंकण बाहेर काढून जाळायचं. तिला नाव आहे, क्लेअर. पुढे एका दारुड्या सरदाराची गोष्ट येते. त्याच्या मारहाणीमुळे बायकोचा गर्भ पडला, आणि नीट पुरलं न गेलेलं ते मूल पिशाच्च झालं. तुम्ही त्याच्याशी लढू शकता. किंवा बापाला ते हातांत घेऊन चालायला लावू शकता. मग त्याने त्याचं नाव ठेवायचं आणि उंबऱ्याखाली पुरायचं. माझ्या मते अख्ख्या गेममधली ही सर्वांत मोठी जागा. भूत हा गावाने किंवा घराने केलेला अन्याय असतो, हे इथे खेळणाऱ्याच्या हाताला कळतं.

आता तक्रार. याच गेममध्ये पाणथळीत बुडालेल्यांची पिशाच्चं डझनांनी येतात आणि आपण ती सपासप कापतो. त्यांना ना नाव, ना गाऱ्हाणं. मिळतात ते गुण आणि थोडाफार माल. गेमला आकडा लागतो, लोककथेला नाव लागतं. ही ओढाताण 'विचर'ला सुटलेली नाही.

हे आपल्या कामाचं का? पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' २०२० मध्ये आला. त्यात दुर्गा आहे, विष्णू आहे. म्हणजे पुराणातले मोठे देव. सिनेमाने २०२४ मध्ये 'मुंज्या' आणला. उद्या कुणी हडळ, वेताळ, खवीस घेऊन गेम करेल, करावाच. पण हडळीचे उलटे पाय काढणं सोपं आहे. बाळंतपणात गेलेली ती बाई कुणाची कोण होती, तिला वेळेवर मदत का मिळाली नाही, हे विचारायला लावणारा गेम करणं अवघड. तो झाला, तर त्याला मी समीक्षा नाही, दाद देईन.